समोरचा ठोका

१

घट्ट झालेली जमीन ऐकू येते. डोळ्यांचं काम नाही ते, डोळे फसतात. वरून चोपून गुळगुळीत केलेला थर आणि आतपर्यंत भरलेला थर दिसायला जुळे भाऊच. पण धुम्मस सोडा, की एक ‘भद्द’ म्हणतो आणि दुसरा ‘ठण्’. ‘ठण्’ म्हटला की पुढचा थर टाकावा. तोवर टाकू नये.

धुम्मस म्हणजे काय ते हल्ली सांगावं लागतं. खाली लोखंडाचा चौकोनी ठोकळा, वर छातीपर्यंत येणारा लाकडी दांडा. दोन्ही हातांनी उचलायचा आणि सोडायचा. आपटायचा नाही. आपटणाऱ्याची पाठ आधी बसते आणि जमीन मागाहून.

मी शाळेत गेले नाही. अक्षरं सिमेंटच्या पोत्यांवरून शिकले आणि बाकीचं सगळं जमिनीकडून. उभा जन्म आम्ही नवरा-बायकोने लोकांचे पाये, वाटा, फरसबंद्या चोपल्या. आमच्या स्वतःच्या घरामागे मात्र भुसभुशीत मातीची बाग. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग आमचे हे पडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मागच्या खोलीत, खिडकीशी पलंग लावला, तिथून लिंबोणीचं झाड दिसतं. एकदा लेकीने त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून बागेत काढलं. चार पावलं गेली नाहीत तोच चाकं मातीत रुतली. खुर्ची पुढे जाईना, मागे येईना. म्हाताऱ्याने रुतलेल्या चाकाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. जन्मभर दुसऱ्यांची जमीन घट्ट केलेल्या माणसाचं ते बघणं मला सहन झालं नाही.

लेकीने ठरवूनच टाकलं होतं. “महिनाअखेरीला बाबांना माझ्याकडे नेते. दवाखाना समोर आहे, लिफ्ट आहे.”

“ने,” मी म्हटलं. “पण आधी तो त्याच्या लिंबोणीखाली बसेल. मी फरसबंदी करते.”

“तू? आई, वय काय, करतेस काय! मशीन भाड्याने आणू, एका दुपारी होईल.”

“मशीनला कान असतात का?”

“नसतात. म्हणून तर ते तुझ्याशी भांडत नाही.”

लेक माझीच आहे, हे तिने तोंड उघडलं की पटतं.

२

माती वीतभर काढली. मुळं उपटली. चारी बाजूंना दोरी ताणली, घरापासून झाडाकडे किंचित उतार धरला, म्हणजे पाणी घराकडे येणार नाही. गाडीवाला खडी टाकून गेला. मी पहिला पातळ थर पसरला, झारीने पाणी शिंपडलं आणि धुम्मस उचलला.

हे काम मुळात दोघांचं. आम्ही समोरासमोर उभे राहायचो. माझा ठोका, त्याचा ठोका, माझा, त्याचा. तालात चुकलं तर दोन ठोकळे एकमेकांवर आदळतात आणि मनगटं जातात. घरात मी त्यांना अहोच म्हणते, पण धुम्मस हातात आला की अरे. अहो म्हणेपर्यंत लोखंड पायावर पडतं.

आमचा एक नेम होता. पहिला ठोका ज्याचा, शेवटचाही त्याचाच. मधे काय वाट्टेल ते होऊ दे, पाऊस येऊ दे, मालक येऊ दे. काम सुरू करणारा संपवणार. दुसऱ्याने संपवायचं नाही. का, ते विचारू नका. सवय होती आणि सवय मोडून काम बिघडलेलं आम्ही पाहिलं होतं. बहुतेक वेळा पहिला ठोका माझा असायचा, कारण मला धीर नाही. मग शेवटचाही माझाच. तो मात्र लबाड. मी शेवटचा ठोका देऊन धुम्मस खाली ठेवला, की गुपचूप आपला उचलून हळूच आणखी एक द्यायचा. आवाज होईल न होईल असा. मग मला चिडून पुन्हा उचलावा लागायचा. एवढा मोठा बाप्या, पण असली पोरकट खोडी त्याला जन्मभर पुरली.

तर त्या सकाळी पहिला ठोका मी दिला.

थोडा वेळ गेला. अंग तापलं, ताल सापडला. आणि मग माझ्या दोन ठोक्यांच्या मधोमध मला एक ठोका ऐकू आला.

भिंत, मी मनात म्हटलं. बागेची भिंत जवळ आहे, आवाज परत येतो. मी चोपत राहिले. पण भिंतीवरून परतणारा आवाज हलका असतो, पातळ. हा जड होता. तळव्यांना खालून लागत होता. मी थांबले.

तो आणखी एकदा आला. मग तोही थांबला. समोरचा माणूस आपण थांबल्यावर थांबतो, तसा.

३

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळची पट्टी चोपायला गेले. आदल्या दिवशी तिथे नुसती खडी पसरून ठेवली होती, पाणीही मारलं नव्हतं. धुम्मस सोडला.

‘ठण्.’

मी बसून हाताने चाचपलं. थर पूर्ण भरलेला. ठोकळ्याचे ठसे एकावर एक अर्धे चढवलेले, ओळीने, एकही जागा न सोडता. माझे ठसे सरळ पडतात. हे सगळे जरासे डावीकडे वळलेले होते. तरुणपणी एका दगडाखाली ज्याची करंगळी सापडली, त्याच्या हातून धुम्मस तसाच वळतो.

मला भुताखेतांचं वावडं आहे. ज्यांना कामं नसतात त्यांना भुतं दिसतात. मी तडक कुंपणाशी गेले. पलीकडे शिंपी राहतो, त्याची शिलाईची मशीन खिडकीतच असते.

“ओ शिंपी! माझा थर तुम्ही चोपलात?”

त्याने चष्म्यावरून पाहिलं. “बाई, मी कात्री उचलली तर माझा खांदा दोन दिवस बोलत नाही. तुमचा धुम्मस उचलला तर मलाच उचलून आत न्यावं लागेल.”

“मग कुणी चोपला?”

“कुणी म्हणजे? तुम्हीच दोघांनी. काल सकाळी मशीन थांबवून ऐकत होतो. एक तुमचा, एक त्यांचा. काय ताल हो! संध्याकाळी मग एकट्याचाच येत होता. म्हटलं, बाई बाजारात गेल्या वाटतं.” त्याने दोरा दाताने तोडला. “बरं वाटलं मला. उठून कामाला लागला म्हणजे माणूस सुधारला.”

मी कुंपण सोडून घराकडे वळले.

४

अंग पुसायची वेळ झाली होती. कोमट पाणी, मऊ फडकं. आधी तोंड, मग मान, मग डावा हात. डाव्या हाताने ते अजून माझं बोट धरतात.

उजवा हात मी नेहमी शेवटी घेते. दुखणं आल्यापासून तो हात मेणासारखा झाला होता. जन्माचे घट्टे हळूहळू गळून गेले आणि खालून लहान मुलासारखी कातडी आली. मला त्या मऊपणाचा राग यायचा. माझ्या माणसाचा हात असा नव्हता.

मी तळवा उलटा केला. बोटांच्या मुळाशी, ओळीने, फोड आले होते. ताजे, पाण्याने टम्म फुगलेले. नखांमध्ये राखाडी कच होती.

“अहो,” मी म्हटलं, “हे काय?”

त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. अंग घामाने भिजलेलं होतं आणि छाती वरखाली होत होती, कामावरून आलेल्या माणसाची होते तशी. चेहऱ्याचा जो अर्धा भाग हलतो, तो थोडा हलला. हसले. चोरी पकडल्यावर हसायचे, अगदी तसं.

मी नखं एकेक करून साफ केली. फोडांना मलम लावलं. पाणी फेकायला गेले, तेव्हा तांब्याच्या तळाशी बारीक कच बसलेली दिसली. मी ती बोटांत धरून चुरली. माझ्याच ढिगाऱ्यातली.

त्याच दिवशी तपासायला येणारी नर्सबाई आली. तिने नाडी बघितली आणि मला बाजूला घेतलं.

“मावशी, यांना कुणी उठवून व्यायाम देतंय का?”

“नाही.”

“मग एवढे कशाने दमलेत? हृदय थकलंय त्यांचं. यांना आराम द्या.”

आराम द्या! आता तो पडून नाही तर काय उड्या मारतोय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण नखांतली कच आठवली आणि मी चादर ओढून त्यांचा उजवा हात झाकला.

५

मी काम थांबवलं. धुम्मस भिंतीला टेकवला आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसले. बागेतून आवाज आला नाही. त्यांनी सूप मागून घेतलं, म्हणजे डाव्या हाताने वाटी ढकलून आणखी मागितलं. गालांवर रंग आला. चार दिवस असेच गेले. फोड सुकले.

मनाशी म्हटलं, बाई, हिशेब सरळ आहे. तू चोपलंस की तो दमतो. तू बसलीस की तो सुधारतो. मग बसून राहा. फरसबंदी गेली खड्ड्यात.

पण तो खिडकीकडे बघायचा. दिवसभर. अर्धा चोपलेला थर कुणाला सोसतो? मलाही सोसत नव्हता. आणि लेक गाडी घेऊन यायची वेळ जवळ आली होती. एकदा ती त्याला वर, लिफ्टच्या घरात घेऊन गेली, की ही लिंबोणी संपली.

“गप पडून राहशील का?” मी त्याला म्हटलं. धुम्मस हातात नव्हता, तरी अरे आलं तोंडात. “मी करते ना एकटी. तू नको उठूस.”

त्याने माझं बोट दाबलं. त्याचा अर्थ हो होतो. तो खोटं बोलत होता, हे मला दाबण्यावरूनच कळलं.

लेक न्यायच्या आदल्या दिवशीच आली. आल्या आल्या पायजमा दुमडून बागेत उतरली. “दे, मी तुझ्या समोर उभी राहते. मला काय येत नाही?” खरंच येतं तिला. तान्ही असताना ती आमच्या कामाशेजारी झोळीत झोपायची. ठोके थांबले की जागी होऊन रडायची. तिला अंगाई माहीत नाही, धुम्मस माहीत आहे.

तिने दुसरा धुम्मस काढला, बापाचा. आम्ही अर्ध्या राहिलेल्या शेवटच्या थरावर समोरासमोर उभ्या राहिलो. माझा, तिचा, माझा, तिचा. थोड्या वेळाने तिने घाम पुसायला धुम्मस बाजूला टेकवला आणि मी माझा ठोका दिला.

समोरून उत्तर आलं.

लेकीचे दोन्ही हात कपाळाशी होते. ती तशीच उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी पुन्हा दिला. पुन्हा आलं. तिच्या पायांखालून आलं असणार, कारण ती एक पाऊल मागे सरकली.

“आई,” ती अगदी हळू म्हणाली, “मी उचललेला नाही.”

“माहीत आहे.”

“हा ताल मला माहीत आहे.”

“असणारच. झोपायचीस ना त्याच्यावर.”

मला वाटलं ओरडेल, पळेल. शिकलेली पोर. पण ती खाली, कडेला, गवतावर बसली आणि तिने डोळे मिटले. चेहरा असा झाला की मला झोळी आठवली.

६

लेक आत चहा ठेवायला गेली. थोडंच राहिलं होतं. लिंबोणीजवळचा एक कोपरा.

मी खिडकीकडे तोंड करून उभी होते. ऊन काचेवर पडलं होतं, त्यामुळे काचेत सगळी बाग दिसत होती: झाड, दोरी, खडीचा उरलेला ढीग आणि मी. माझ्यासमोर कुणी नव्हतं. मी नीट पाहिलं. नुसती हवा आणि खाली चोपलेली खडी. ठोका दिला. उत्तर आलं. समोरच्या खडीवर ठसा उमटला, जरासा डावीकडे वळलेला.

मग मी मान वर करून काचेत पाहिलं.

काचेत पाठ दिसली. माझ्यासमोर उभ्या माणसाची पाठ, वाकलेली, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, दोन्ही कोपरं वर उचललेली. बस एवढंच. डोकं खाली होतं, ते दिसलं नाही.

त्या काचेच्या मागे त्यांचा पलंग आहे. एरवी मी जिथे उभी होते तिथून उशी दिसते. आत्ता ती पाठ आड येत होती. अर्धं पाऊल बाजूला सरले असते तर पलंगावर कुणी आहे की नाही ते दिसलं असतं. अर्धं पाऊल. मी सरले नाही. सरले असते तर ताल चुकला असता, आणि खरं सांगायचं तर मला बघायचंच नव्हतं.

माझा, त्याचा. माझा, त्याचा. सगळा कोपरा ‘ठण्’ म्हणू लागला. किती वर्षांनी आम्ही असे उभे होतो! भीती होती, नाही कशी? पण त्या भीतीला माझ्या माणसाच्या घामाचा वास येत होता, आणि तो वास मला हवा होता.

आता एकच ठोका उरला. शेवटचा. माझा.

मी धुम्मस उचलला आणि वर धरला. समोर सगळं थांबलं. वाट बघत होतं. नर्सबाईचे शब्द आठवले. काम संपलं की कामकरी घरी जातो. तो कुठल्या घरी जाईल ते मला ठाऊक होतं.

मी धुम्मस सोडला नाही. हळूच बाजूला, गवतावर ठेवला.

“माझा ठोका आहे,” मी हवेला म्हटलं. “मी देईन तेव्हा देईन.”

७

चुकलं माझं. आत गेले तर ते पलंगावर होते, पण उजव्या हाताची मूठ वळलेली. दांडा धरल्यासारखी, आत गोल पोकळी ठेवून. जो हात दुखण्यापासून हलला नव्हता, त्याची मूठ मला दोन्ही हातांनी उघडता येईना. कोपर गादीपासून थोडं वर, ताठ. लेकीने प्रयत्न केला, नर्सबाईला बोलावून आणलं, तिनेही केला. “आकडी असेल,” ती म्हणाली. तिच्या आवाजात खात्री नव्हती.

त्यांनी खाल्लं नाही. डोळ्याला डोळा लागला नाही. श्वास रोखून धरल्यासारखा, वरच्या वर.

सकाळी लेकीची गाडी दारात उभी होती. ती पिशव्या भरत होती आणि मधेच थांबून बापाच्या त्या हाताकडे बघत होती.

“आई, बाबांना काय होतंय?”

मी काय सांगणार? मला कळलं होतं. उचललेला धुम्मस धरून माणूस किती वेळ उभा राहील? समोरचा आपला ठोका देत नाही, म्हणून हा आपला खाली ठेवत नाही. नेमाचा पक्का. मी त्याला राखलं नव्हतं, मी त्याला उभं करून ठेवलं होतं.

“पिशव्या राहू दे,” मी म्हटलं. “खुर्ची आण.”

आम्ही दोघींनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मागचं दार उघडलं. चाकं खडीवर उतरली. रुतली नाहीत. फरशा अजून बसवायच्या होत्या, पण पाया असा झाला होता की खुर्ची पाण्यावर होडी जावी तशी गेली. त्यांनी चाकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ते बघणं मी जपून ठेवलंय, त्याबद्दल सांगणार नाही.

लिंबोणीखाली खुर्ची थांबवली. तोंडावर ऊन-सावली हलत होती. लेक त्यांच्या पायांशी बसली, गुडघ्यावर डोकं ठेवून.

“दमलास का रे?” मी विचारलं.

त्याने डाव्या हाताने माझं बोट दाबलं. या वेळी खरं बोलत होता.

मी कोपऱ्यात गेले. धुम्मस उचलला. इतका हलका तो मला कधीच लागला नव्हता. दांड्याला दुसरेही हात असावेत तसा. मी त्यांच्याकडे पाठ केली होती. मुद्दामच. वर नेला आणि सोडला.

‘ठण्.’

असा आवाज मी जन्मात काढला नव्हता. भिंतीवरून परतला, झाडातून गेला, विरला. मागे एक लांब श्वास सुटला. मग लेकीचा आवाज आला, “आई, मूठ उघडली.” मग थोड्या वेळाने, “बाबा?” आणि मग पुन्हा, लहानपणी अंधारात हाक मारायची तसं, “बाबा?”

मी वळले नाही. दोन्ही हात दांड्यावर ठेवून उभी राहिले. कान जमिनीकडे. शिंप्याची मशीनही बंद होती. पान हललं नाही.

आणि मग, माझ्या पायांच्या अगदी समोर, आवाज होईल न होईल असा, हळूच एक ठोका पडला.

“लबाड,” मी म्हटलं.

फरशा आता बसल्या आहेत. लेकीने आणि मी बसवल्या. उतार बरोबर आहे, पाणी थांबत नाही. फक्त लिंबोणीजवळच्या कोपऱ्यातली एक फरशी मी बसवू दिलेली नाही. लेक म्हणते, मोकळी जागा विचित्र दिसते. दिसू दे. माझा धुम्मस तिथेच उभा आहे. पहिला ठोका माझा होता, आणि नेम म्हणजे नेम.

माझा ठोका अजून द्यायचा आहे.